उजव्या दरवाजाची काच

१

नव्या गाडीला जुना घाव होता, आणि तो आधी दिसला यून-जूला.

रविवारी ती आणि तिचा नवरा प्यो संग-जिन समुद्राकाठच्या रस्त्याने दोंगहेच्या चर्चला निघाले होते. गाडी दारात येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. यून-जू पुढे, नवऱ्याच्या उजव्या हाताला बसली होती. तिच्या काचेतून समुद्र होता तसा दिसत होता, निळाशार. मागच्या सीटवरची पर्स घ्यायला ती वळली आणि तशीच थांबली. मागच्या काचेतून तोच समुद्र चहाच्या पाण्यासारखा दिसत होता. तिने एकेक करून सगळ्या दरवाजांच्या काचा पाहिल्या. तिच्या बाजूची सोडून बाकी सगळ्या तपकिरी होत्या.

"सगळ्या काचांना एकच फिल्म लावलीय म्हणाला होता ना ग्यू-वोन?" तिने विचारलं.

संग-जिन सिमेंटच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा. एखादी गोष्ट जुळत नसली की त्याला चैन पडत नसे. चर्चच्या आवारात गाडी लावून त्याने उजवा दरवाजा उघडला आणि काचेभोवतीचं रबर नखाने मागे सारलं. रबराच्या आतल्या कडेला पांढऱ्या रंगाचे बारीक शिंतोडे होते. कारखान्यात रंग आधी बसतो, रबर नंतर. रबरावर रंग उडाला याचा अर्थ दरवाजा पुन्हा रंगवला होता. त्या दिवशी तो प्रार्थनेला आत गेलाच नाही.

शोरूमच्या मॅनेजरने हात झटकले. कारखान्यातून गाडी आली तशी आम्ही दिली, म्हणाला. ज्याने गाडी विकली तो बांग ग्यू-वोन मात्र ओशाळला. तो संग-जिनचा शाळेपासूनचा धाकटा दोस्त. त्याने संग-जिनला बाजूला घेऊन सांगितलं की कारखान्यातून गाड्या आणणारा कू ड्रायव्हर दारू पितो, ट्रकवरून उतरवताना त्याने कुठेतरी ठोकली असणार, आणि आता तो गावातूनच गायब आहे. "मी बघतो दादा," तो म्हणाला, "तू फक्त थोडा धीर धर."

संग-जिनने धीर धरला नाही. बंदराजवळ सुक्या माकुल माशांच्या दुकानाच्या वर गिल यंग-ए नावाच्या बाईचं ऑफिस होतं. वाहतूक पोलिसांच्या अपघात विभागात उभी हयात घालवून ती निवृत्त झाली होती आणि आता खाजगी तपास करायची. गुडघ्यांनी दगा दिलेला, बोलणं तुटक. गाडी बघायला ती कुरकुरत खाली आली, उजव्या बाजूला वाकली, दरवाजाच्या खालच्या दुमडीत तिने केसातली पिन घातली आणि फिरवून बाहेर काढली. पिनेच्या टोकाला करडी भुकटी होती.

"कामावरून घेऊन आलात का ही?"

संग-जिन म्हणाला, गाडी कारखान्याच्या फाटकातसुद्धा नेलेली नाही.

"मग ही भिंत आहे," गिल म्हणाली. "काँक्रीटची. ट्रकवरून उतरवताना खरचटलेली गाडी नाही ही. दुमडीत इतक्या आत भुकटी गेली म्हणजे ही चांगली जोरात होती, आणि हिला कोणीतरी मुद्दाम भिंतीकडे वळवलं आहे. रस्त्यात समोर काहीतरी आलं होतं."

२

गिरहाईकाच्या हातात पडेपर्यंत ती गाडी तीनच माणसांच्या हातून गेली होती. कू बोन-सिकने ती कारखान्यातून आणली. मेंग इन-चोलने आपल्या दुकानात तिच्या काचांना फिल्म लावली. बांग ग्यू-वोनने ती धुऊन, फीत बांधून संग-जिनच्या दारात उभी केली.

गायब झालेला माणूस आधी शोधायचा, हा गिलचा जुना शिरस्ता. कू काही फार लांब पळाला नव्हता. तो तेबेकला बहिणीकडे होता, डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. गिलला बघून त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं. ताटाशेजारी हिरवी बाटली होती, ती लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

तो म्हणाला, "मी पितो मावशी. पण जेवताना पितो, चालवताना नाही. गावाला दोन्ही एकच वाटतं, त्याला मी काय करू?"

त्याची हकिगत सरळ होती. मंगळवारी त्याने गाडी मेंगच्या दुकानात सोडली. अंगावर ओरखडा नव्हता. मेंगने स्वतः भोवती फिरून बघून घेतली होती. बुधवारी दुसरी गाडी उतरवताना तो ट्रकच्या फळीवरून पडला, मनगट मोडलं, आणि पुढचा सगळा आठवडा इस्पितळात गेला. गिलने इस्पितळातल्या नर्सला फोन करून खात्री केली. तिला तो चांगलाच आठवत होता, कारण त्याने जेवणावरून रोज भांडण काढलं होतं.

"मग गाव सोडून इथे का आलास?" गिलने विचारलं.

"बांगसाहेब म्हणाले, हात बरा होईपर्यंत बहिणीकडे जाऊन राहा, शोरूममधलं मी सांभाळतो. भला माणूस आहे. बसचं तिकीटसुद्धा त्यांनीच काढून दिलं."

गिल दारापर्यंत गेली आणि मागे वळली. संग-जिनला मात्र बांगने सांगितलं होतं की कू कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नाही.

३

मेंगच्या दुकानात शिरताना गिलने मुद्दामच जुनं पोलिसी तोंड केलं. मेंग काचेवरचं पाणी पुसत होता. गाडीचं नाव काढताच तो नको तेवढा बोलू लागला. आपलं काम सगळ्या जिल्ह्यात नावाजलेलं आहे, उत्तम फिल्मशिवाय आपण दुसरी लावतच नाही, वगैरे. कपाळावर घाम होता, आणि दुकानात तर थंडी होती.

गिलने त्याला बोलू दिलं. मग कामाच्या टेबलावरच्या गुंडाळीचं टोक उलगडून तिने उजेडासमोर धरलं. तपकिरी.

"ही उत्तम?"

मेंग खाली बसला. थोड्या वेळाने त्याने सगळं कबूल केलं. शोरूमला तो महागाची फिल्म लावतो म्हणून सांगायचा आणि लावायचा ही हलकी. नव्या गाडीच्या आनंदात कोणी काच निरखत नाही. शोरूमवाल्यांनाही माहीत नव्हतं. हे बाहेर फुटलं तर दुकान बंद पडेल, म्हणून तो हात जोडू लागला.

गिलला त्याच्या दुकानाचं काही पडलं नव्हतं. तिने त्याला बाहेर उभ्या असलेल्या संग-जिनच्या गाडीपाशी नेलं आणि उजव्या पुढच्या काचेवर बोट ठेवलं. मेंगने काच खाली-वर केली, कडेला नख लावलं, वाकून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिथे नुसतं आश्चर्य उरलं.

"ही मी लावलेली नाही. मी सगळ्या काचांना तपकिरीच लावली होती. ही तर खरी आहे, बाई. शोरूम गिरहाईकाला जी सांगतं ना, ती. ह्या गाडीत एवढी एकच काच खरी आहे."

गाडी दुकानातून कोणी नेली, हे मात्र त्याला सांगता येईना. काम झालेल्या गाड्यांच्या किल्ल्या तो शटरशेजारच्या खिळ्याला अडकवायचा. शोरूमचा माणूस किंवा कू येऊन घेऊन जायचा. ही गाडी गुरुवारी सकाळी तो नाश्त्याला गेला असताना गेली. एवढं मात्र त्याला पक्कं आठवत होतं, कारण त्याच दिवशी दुपारी बामगोलच्या म्हातारीची बातमी आली होती.

"कोणती म्हातारी?"

"अहो, ह्याच गिरहाईकाची आई," मेंग म्हणाला. "रस्त्याच्या कडेला बसल्या बसल्या गेली बिचारी."

४

संग-जिनची आई वारली आहे हे गिलला माहीत होतं. पहिल्याच भेटीत तो म्हणाला होता की सुतकात होतो, म्हणून गाडी घेताना नीट बघितली नाही. तिने शिष्टाचाराचे दोन शब्द बोलून विषय सोडला होता. आता ती त्याच्या फ्लॅटवर गेली. तो कारखान्यात पाळीवर होता. यून-जूने तिला आत घेतलं आणि सोललेलं पेअर पुढे ठेवलं.

गाडी शनिवारी येणार होती, यून-जूने सांगितलं. गुरुवारी सासूबाई गेल्या. ग्यू-वोनने स्वतःहून फोन केला की गाडी अजून कारखान्यातून निघालेलीच नाही, सगळं आटोपेपर्यंत मी ती थांबवून धरतो. तिन्ही दिवस तो अंत्यविधीच्या हॉलमध्ये होता. आलेल्यांच्या चपला सरळ करत होता, डोंगरावर तिरडीला खांदाही त्याने दिला. शाळेत असताना तो सासूबाईंच्या हातचं जेवून मोठा झाला होता. त्यांना आईच म्हणायचा.

त्या गेल्या कशा, असं गिलने विचारलं. सोक माक-सून, म्हणजे तिच्या सासूबाई, बामगोलच्या वस्तीत एकट्या राहायच्या. वस्तीखालच्या मोठ्या रस्त्यावर, भिंतीला टेकून बसलेल्या, त्या बसच्या ड्रायव्हरला दिसल्या. डोक्याचा रुमाल नीट बांधलेला होता. झोप लागली असेल म्हणून त्याने हाक मारली. डॉक्टर म्हणाले, उतारावर पाय घसरला, कमरेला मार बसला, वय झालेलं, हृदयाने साथ दिली नाही. पोलिसांनीही तेच धरलं.

"जवळ काही होतं त्यांच्या?"

"पिशवी होती." यून-जूचा आवाज कोरडा झाला. "तांदळाच्या दारूची बाटली, आणि पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळलेला सुका म्योंगते मासा. मी चर्चमध्ये सेविका आहे. असलं काही मी घरात आणत नाही. मी ते टाकून दिलं. देवाच्या झाडाकडे निघाल्या असतील."

"झाड कुठे आहे ते?"

"वस्तीच्या वर. डोंगरात."

"आणि त्या सापडल्या खाली."

यून-जू पेअरची सालं गोळा करू लागली.

"अंगावर काय होतं?"

"जांभळं जाकीट. लग्नाबिग्नाला घालायच्या ते."

गिलने पेअरची फोड ताटलीत परत ठेवली. तिच्या लहानपणी वडिलांनी ट्रक घेतला होता, तेव्हा आजीने चाकांवर दारू ओतली होती आणि दोऱ्यात गुंडाळलेला मासा सीटमागे बांधला होता. वर्षानुवर्षं तो वास त्या ट्रकमध्ये होता.

"सासूबाईंना नव्या गाडीची पूजा करायची होती का?"

यून-जूने मान खाली घातली. सणाला सगळे जमले होते तेव्हा सासूबाईंनी विषय काढला होता, म्हणाली ती. पोराची पहिली नवी गाडी आहे, मी नुसती चाकांवर थोडी दारू ओतेन, म्हणाल्या. यून-जूने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की आमच्या घरात हे चालणार नाही. सासूबाई हसल्या आणि भांडी आवरायला लागल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

"त्यांनी विषय सोडला, पण पूजा सोडली नव्हती," गिल म्हणाली. "त्यांनी ती गुरुवारी करायची ठरवली. चांगलं जाकीट घालून, पिशवी घेऊन त्या खाली रस्त्यावर गाडीची वाट बघत उभ्या होत्या. तुम्हा दोघांना ठाऊक होतं की गाडी शनिवारी येणार. मग गुरुवारी येणार हे त्यांना कोणी सांगितलं?"

५

बामगोलच्या खालचा रस्ता डोंगराला बिलगून चढतो. वर जाताना उजव्या हाताला दरड अडवणारी काँक्रीटची भिंत, डावीकडे दरी. वस्तीची पायवाट जिथे उतरते तिथेच वळण आहे. वळणाच्या अलीकडे भिंतीवर लांब ओरखडा होता. कोणीतरी त्यावर ओली माती चोळली होती. ती वाळून बरीचशी गळून गेली होती, आणि खालून पांढऱ्या रंगाची रेघ दिसत होती.

गुडघे दुखत असतानाही गिल गटाराच्या कडेला बसली आणि ओकची वाळकी पानं हाताने उपसू लागली. बऱ्याच वेळाने बोटांना काहीतरी बोचलं. काचेचे खडे होते, खडीसाखरेएवढे, पण सुटे नव्हते. एका पातळ कातडीला चिकटून ते सगळे एकत्र राहिले होते. तिने ती कातडी आकाशासमोर धरली. आकाश चहाच्या पाण्यासारखं दिसलं.

तिथूनच तिने पोलीस ठाण्यात फोन लावला. आताचा इन्स्पेक्टर कधीकाळी तिच्या हाताखाली शिकलेला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की मावशी, गाडी भिंतीला घासली आणि म्हातारी वारली, ह्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. आणि गाडी मेंगनेही नेली असेल, कशावरून नाही?

गिलने त्याला सावकाश समजावलं. फुटलेल्या काचेवर मेंगची फिल्म आहे, म्हणजे गाडी ठोकली गेली ती मेंगच्या दुकानातून निघाल्यावर. तेव्हा कू इस्पितळात होता. राहिले मेंग आणि बांग. ज्याने काच बदलली त्याला ती बाकीच्या काचांसारखी दिसायला हवी होती. मेंगने बदलली असती तर त्याने आपल्या टेबलावरची तपकिरी फिल्म लावली असती आणि कोणाला संशयही आला नसता. ज्याने बदलली तो मेंगकडे जाऊ शकत नव्हता, म्हणून परगावी गेला, आणि तिथे त्याने शोरूम गिरहाईकाला सांगतं त्या फिल्मचं नाव घेतलं. मेंगची लबाडी त्याला ठाऊक नव्हती. बाकीच्या काचांवर तीच फिल्म आहे असं त्याला मनापासून वाटत होतं.

"आणि म्हातारीचं काय?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"सून देवभोळी आहे, पण आपल्याच देवाची. तिच्या नकळत गाडीची पूजा करायची तर गाडी आधी इथे आणायला हवी. ते कोण करेल? कूला म्हातारी ओळखत नव्हती, मेंगलाही नाही. ती एकालाच सांगू शकत होती. जो तिला आई म्हणायचा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"तिच्या खिशातला मोबाइल घरच्यांना परत दिलाय आपण," इन्स्पेक्टर म्हणाला. "तपासलाच नाही कोणी. तपासायचं कारणच नव्हतं."

"आता तपास," गिल म्हणाली.

६

मोबाइलमध्ये गुरुवारी सकाळची बांगच्या नावाची नोंद सापडली. गिल आणि इन्स्पेक्टर शोरूममध्ये शिरले तेव्हा बांग ग्यू-वोन एका तरुण जोडप्याला गाडीचं दार उघडून दाखवत होता. इन्स्पेक्टरला पाहून त्याने दार हळूच लावलं, जोडप्याची माफी मागितली आणि स्वतःच आतल्या खोलीकडे चालू लागला. सडपातळ, नीटनेटका, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. गिलने फिल्मची कातडी रुमालातून काढून टेबलावर ठेवली. त्याने ती ओळखली नाही. मग काचेचे खडे चमकले, आणि ओळखली.

त्याला फार प्रश्न विचारावे लागले नाहीत. कोणीतरी विचारण्याचीच तो वाट बघत असावा.

आईने सणानंतर त्याला फोन करून गळ घातली होती. पोराला कळू देऊ नकोस, सुनेला तर नाहीच. तू नुसती गाडी वळणापाशी आण, मी हात जोडते, तू परत जा. त्याला नाही म्हणवलं नाही. गुरुवारी सकाळी त्याने मेंगकडची किल्ली काढून घेतली. मॅनेजर यायच्या आत परतायचं होतं. गाडी नवी होती, रस्ता रिकामा होता. वळणावर आई दरीच्या बाजूला उभी होती. गाडी दिसताच पिशवी सावरत, हात वर करून ती रस्ता ओलांडू लागली. त्याने गाडी उजवीकडे भिंतीवर घातली. दरवाजा घासला, काच फुटली, आणि बंपरचा डावा कोपरा आईच्या कमरेला लागला. प्लॅस्टिक दबून पुन्हा जागेवर आलं. तिथे खूणसुद्धा राहिली नाही.

"ती शुद्धीवर होती?" गिलने विचारलं.

"बोलत होती." त्याने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. "पहिल्यांदा काय विचारलं सांगू? गाडीला लागलं का. मी म्हटलं, आई, मी अँब्युलन्स बोलावतो. तिने माझी बाही धरली. म्हणाली, मला काही नाही झालं, नुसता मुका मार आहे. जरा बसते आणि जाते घरी. तू गाडी घेऊन जा, नीट करून आण. नाहीतर त्याला कळेल, त्याच्या बायकोला कळेल, आणि पुन्हा माझ्यावरून त्यांच्यात भांडण."

त्याने तिला उचलून भिंतीशी बसवलं. रुमाल सुटला होता तो बांधून दिला. पिशवी मांडीवर ठेवली. ओरखड्यावर माती चोळली, काचा पायाने गटारात लोटल्या. निघताना तिने त्याला हाताने जा, जा अशी खूण केली.

"मी गावात पोहोचल्यावर तिला फोन केला," तो म्हणाला. "दोनदा. तिने उचलला नाही. मला वाटलं, घरी जाऊन पडली असेल."

"उचलला नाही, तेव्हा तू कुठे गेलास?"

बांगने इन्स्पेक्टरकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"ग्यू-वोन, मी विचारतेय. तिने फोन उचलला नाही. तिचं घर डोंगरावर. तुझ्या हाताशी गाडी होती. तू कुठे गेलास?"

"गांगनुंगला," तो म्हणाला. "काचवाल्याकडे."

७

संग-जिनला सांगायचं काम गिलने स्वतःकडे घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती दोघांसमोर बसली आणि क्रमाने बोलत गेली. गाडीला लागलं का, हे आईचं विचारणंही तिने सांगितलं. सुनेबद्दलचं वाक्य तेवढं गाळलं. आई म्हणाली, पोराला कळू देऊ नकोस, एवढंच बोलली.

संग-जिनने एकच प्रश्न विचारला. आई लगेच गेली का?

"नाही," गिल म्हणाली.

तो उठून बाल्कनीत गेला. खाली गाडी उभी होती. शुक्रवारी तो त्याच गाडीतून आईच्या थडग्यावर जाऊन आला होता. तिथे गवतावर बसून त्याने तिला सांगितलं होतं की गाडी आली, आता तुला दवाखान्यात जायला बसची वाट बघावी लागली नसती. इन्स्पेक्टरची माणसं गाडी ओढून न्यायला आली, तेव्हा त्याने किल्ली स्वतः खाली नेऊन दिली आणि आत राहिलेलं काही काढून घ्यायला नकार दिला. यून-जूची छत्री आणि मोजे गाडीबरोबरच गेले.

थडगं उकरावं लागलं. डोंगरावर त्या दिवशी वारा सुटला होता. यून-जू वाकून उभी होती, संग-जिन पाठ फिरवून. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तपासून सांगितलं की कमरेचं हाड मोडून आत रक्तस्राव होत राहिला. हळूहळू. वेळेवर इस्पितळात नेलं असतं तर त्या बहुतेक जगल्या असत्या. पहिल्या वेळी हे कसं दिसलं नाही, असं कोणीतरी विचारलं. म्हातारी माणसं पडतात आणि मरतात, हे सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

मेंगचं दुकान बंद झालं. शोरूमने बांगची खुर्ची दुसऱ्याला दिली आणि संग-जिनला तशीच, त्याच पांढऱ्या रंगाची नवी गाडी देऊ केली. त्याने ती घेतली नाही.

खटला वसंतात उभा राहिला. बांगच्या वकिलाला दया हवी होती, म्हणून त्याने बांगला आईचे शब्द जसेच्या तसे सांगायला लावले. बांगने मान खाली घालून सांगितले. त्याच्या बायकोला कळेल, आणि पुन्हा माझ्यावरून त्यांच्यात भांडण. कोर्टात बसलेली माणसं वळून यून-जूकडे बघू लागली. तिने मान वर ठेवली. बांग बोलायचा थांबेपर्यंत ती त्याच्याकडेच बघत होती.

न्यायाधीश म्हणाले की जखमी बाई जा म्हणाली, म्हणून सोडून जाणारा सुटत नाही. त्यातून तिने फोन उचलला नाही तेव्हा तर मुळीच नाही. पाच वर्षांची शिक्षा झाली. बांगने अपील केलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर यून-जूने गिलला गाठलं.

"तुम्ही मला त्या दिवशी ते वाक्य सांगितलं नव्हतं."

"नाही सांगितलं."

"बरं केलंत. तेव्हा मला सोसलं नसतं." तिने पर्सचा पट्टा हाताला दोनदा गुंडाळला आणि पुन्हा सोडला. "मावशी, त्या नुसतं पुन्हा एकदा म्हणाल्या असत्या ना, तर मी काणाडोळा केला असता. खरंच केला असता. मला वाटतं, केला असता."

संग-जिन रस्त्यापलीकडे बसथांब्यावर उभा होता. यून-जू पायऱ्या उतरून गेली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघांच्या मधे एक माणूस उभं राहील एवढी जागा होती. बस आली तरी दोघांपैकी कोणीच ती जागा भरून काढली नाही.